गालातली वीज

तांदूळ कितीही निगुतीनं निवडला तरी एखादा खडा राहून जातोच. घास तोंडात जातो, दाढा मिटायला लागतात आणि कचकन खडा लागतो. त्यापुढच्या क्षणी काय होतं ते जरा आठवून पाहा. ‘खडा आला’ हे मनात उमटायच्या आतच जबडा थबकलेला असतो. मोठ्या माणसाच्या दाढा मिटवणाऱ्या स्नायूंमध्ये पन्नास-साठ किलो वजनाइतका भार द्यायची ताकद असते. खडा लागल्यापासून सेकंदाचा शंभरावा भाग उलटतो न उलटतो तोच ते सगळे गप्प होतात. हा हुकूम विचार करणाऱ्या मेंदूनं दिलेला नसतो. दातांच्या मुळांभोवतीच्या मज्जातंतूंनी खबर धाडलेली असते आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या देठानं परस्पर निकाल लावलेला असतो. शरीरातल्या बहुतेक संवेदी पेशींची बिऱ्हाडं मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर असतात. जबड्याच्या स्नायूंचा ताण आणि दातांवरचा दाब कळवणाऱ्या कित्येक पेशी मात्र थेट मेंदूच्या आतच राहायला आहेत. अशी सोय हातापायांच्या कुठल्याही स्नायूला मिळालेली नाही.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे पश्चिमेकडचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. हा सगळा भाताचा मुलूख. पावसाळ्यात खाचरं, घरात इंद्रायणी, जोडीला नाचणीची भाकरी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं. चावायला काही ना काही रोजचंच. त्यामुळे एखाद्या वाडीवरची आठ-नऊ वर्षांची पोरगी भाकरी तोडून खायची सोडून दुधात कुस्करून खायला लागली, तर घरात फार कुणाचं लक्ष जाणार नाही. फार तर आजी म्हणेल, “अगं, नीट चावून खा की, नुसतं गिळू नकोस.” पोरगी एकाच बाजूनं चावते, सगळ्यांत शेवटी ताटावरून उठते, जांभई देताना गालाला हात लावते. दाढ किडली असेल म्हणून दातांच्या डॉक्टरांना दाखवलं जातं, दाढा चांगल्या निघतात. कान दुखतो म्हणते म्हणून कान पाहिला जातो, कानही ठीक असतो. दुखणं असतं या दोघांच्या मधोमध.

ती जागा सापडायला सोपी आहे. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली काहीतरी आधी फिरतं आणि मग पुढे सरकतं. तेच जबड्याच्या हाडाचं डोकं. गुडघा प्रामुख्यानं बिजागरीसारखा दुमडतो, हा सांधा मात्र दुमडतोही आणि घसरतोही. त्यातून डावा-उजवा असे दोन सांधे एकाच हाडाची दोन टोकं आहेत. एकाला हलवलं की दुसऱ्याला हलावंच लागतं. दोन्हींच्या आत एकेक पातळ चिवट चकती असते, ती हाडाच्या डोक्यासोबत पुढेमागे करते. आपण बोलतो, जेवतो, जांभई देतो, आवंढा गिळतो, त्या प्रत्येक वेळी ही जोडी कामाला लागते.

लहान मुलात या सांध्याकडे आणखी एक काम असतं. हाडाच्या डोक्यावरच्या कूर्चेच्या थराखाली जबड्याच्या वाढीची एक महत्त्वाची जागा आहे. खालचा जबडा पुढे आणि खाली वाढतो तो बराचसा इथल्या कामामुळे. तिथं सूज येऊन राहिली तर दुखणं हा त्रासाचा एक भाग झाला. हनुवटी मागे राहणं किंवा चेहरा हळूहळू एका बाजूला कलणं हा दुसरा, आणि तो उशिरा ध्यानात येतो.

मुलांना कुठला आलाय संधिवात, तो म्हातारपणी होतो, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मुलांनाही होतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी १८९७ मध्येच मुलांच्या जुनाट सांधेदुखीचं सविस्तर वर्णन करून ठेवलंय. आजच्या व्याख्येप्रमाणे वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे मुलांचा संधिवात. गुडघा किंवा घोटा सुजला तर दिसतो, पोर लंगडतं. जबड्याचा सांधा सुजला तर बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. आतली सूज पक्की पाहायची तर एमआरआय करावा लागतो.

संधिवात हे एक कारण झालं. जांभळाच्या झाडावरून पोर हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, टाके पडतात, जखम भरते. पण हनुवटीवर बसलेला दणका हाडातून वर चढून कानापुढच्या त्या नाजूक मानेवर जातो आणि कधी कधी तिथं हाड मोडलेलं असतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही तर पुढे सांधा हाडानंच जोडला जातो, जबडा कायमचा बसतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही. म्हणून हनुवटीला टाके घालून आलेल्या मुलाला आठवड्याभरानं तोंड पूर्ण उघडायला लावून पाहावं. त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत.

दुखणं गावात जाऊन मोजायचं कसं, याचा एक मोठा धडा पुणे जिल्ह्यानंच घालून दिलाय, फक्त तो दुसऱ्या टोकाला, उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणला. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथं जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीनं पाहणी सुरू केली. स्वयंसेवक घरोघर गेले आणि माणसाच्या शरीराच्या आकृतीवर ‘कुठं दुखतं ते दाखवा’ म्हणाले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. रक्त तपासण्याआधी माणसाला बोट ठेवायला सांगायचं, ही त्या पद्धतीतली मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. पण ती प्रौढांना जमते. सात वर्षांचं मूल आकृतीवर बोट ठेवतं ते कधी गालावर, कधी कानावर, कधी डोक्यावर, आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडेच. शाळांमधून आणि अंगणवाड्यांमधून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या यादीत दातांचे आजार आहेत, जबड्याच्या सांध्याचा वेगळा रकाना नाही.

मग मुलाला न विचारता त्याच्या स्नायूलाच विचारता येईल का?

स्नायू बोलतो विजेच्या भाषेत. मज्जातंतूचा निरोप पोचला की स्नायूच्या धाग्यावरची दारं उघडतात, सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही उलथापालथ धाग्यावरून सेकंदाला साधारण चार मीटर वेगानं धावत जाते. त्याचा क्षीण पडसाद कातडीपर्यंत येतो. १७९१ मध्ये इटलीच्या लुइजी गॅल्वानी यांनी बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग छापले, त्यानंतर अर्ध्याहून जास्त शतक गेल्यावर जर्मनीच्या एमिल दु ब्वा-रेमाँ यांनी जित्याजागत्या माणसाच्या स्नायूतली वीज नोंदवली. कातडी विजेला अडवते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांवर फोड आणून तिथली कातडी काढून टाकली होती. आज गालावर जेल लावलेली चांदीची चकती चिकटवली की काम होतं. शास्त्राची प्रगती मला अशा ठिकाणी जास्त पटते. १९४९ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य रॉबर्ट मॉयर्स यांनी हेच तंत्र वरचे दात पुढे आलेल्यांच्या जबड्यावर वापरलं आणि दातांच्या शास्त्रात ‘इएमजी’, म्हणजे स्नायूतल्या विजेचा आलेख, आला.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहण्यासारखं आहे. मूल ताठ बसतं, डोकं कशाला टेकवायचं नाही. “बाळ, दात घट्ट मीट बरं,” म्हटलं की गालात आणि कानशिलात स्नायू टरारून बोटाला लागतो. गालातला मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस, डावे आणि उजवे. असे चार स्नायू. प्रत्येकावर दोन चकत्या, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनं, एकमेकींपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर. त्याआधी कातडी स्पिरिटनं पुसायची. पुण्याला डॉक्टरकडे जायचं म्हणून आईनं सकाळी चापूनचोपून तेल लावून वेण्या घातलेल्या असतील, तर कानशिलावरची चकती घसरतेच, तिथं दोनदा पुसावं लागतं. छोट्या गालावर दोन चकत्या लावल्या की गाल बराचसा भरतोच. आत खोलवर असलेले, जबड्याला पुढे ओढणारे स्नायू मात्र या चकत्यांच्या टप्प्यात येत नाहीत, हे आधीच मान्य करावं लागतं.

स्वस्थ बसलेल्या मुलाच्या गालात एक-दोन मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या एक-दोन पट. दात करकचून मिटले की काहीशे मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा सुरात खोलीतल्या दिव्याची, पंख्याची ५० हर्ट्झची घरघर मिसळते आणि ती मुलाच्या गालापेक्षा मोठी असते. त्यावरची युक्ती सुरेख आहे. यंत्र दोन चकत्यांमधला फरक तेवढा घेतं. पंख्याची घरघर दोन्हीकडे सारखीच पोचते, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. स्नायूची लाट आधी एका चकतीखालून जाते, मग दुसरीखालून, म्हणून ती उरते.

आणि जे उरतं तो एका धाग्याचा आवाज नसतो. लांबच्या दिंडीतले टाळ ऐकताना कुठला टाळ कुणाचा हे कळत नाही, पण दिंडी जोरात आहे की दमलीय हे कळतं, तसं काहीसं हे आहे. दमल्याचं तर खास कळतं. स्नायू थकला की धाग्यांवरची लाट मंद धावू लागते आणि आलेखातली कंपनं खालच्या सुरात उतरतात. मुलानं ‘मी दमलो’ म्हणायच्या आधी आलेख ते सांगायला लागलेला असतो.

आता खरी अडचण. एका मुलाच्या गालात ३०० मायक्रोव्होल्ट आले आणि दुसऱ्याच्या १५०, तर दुसऱ्याचा स्नायू अर्ध्या ताकदीचा आहे का? मुळीच नाही. दुसऱ्याचे गाल गुबगुबीत असतील, कातडीखालच्या चरबीत सूर विरला असेल. चकती अर्धा सेंटिमीटर सरकली असेल. म्हणून इटलीतल्या मिलान विद्यापीठात व्हर्जिलिओ फेरारिओ आणि क्यारेल्ला स्फोर्झा यांनी मुलाला मुलाशीच ताडून पाहायची रीत बसवली. दाढांवर दोन्हीकडे कापसाच्या गुंडाळ्या ठेवायच्या, पाच सेकंद जमेल तितक्या जोरानं चावायला लावायचं, आणि तेव्हा जे येईल ते त्या मुलाचं शंभर टक्के धरायचं. मग कापूस काढून पुन्हा दात मिटायला सांगायचं. आता डावा-उजवा किती जुळतात? निरोगी माणसात ही जुळणी ऐंशी टक्क्यांच्या वर असते. सांध्यानं एका बाजूला दगा दिला असेल तर ती घसरू शकते. मुलानं स्वतः दाखवलेल्या जोरावरच मुलाला मोजायचं, ही कल्पना मला फार आवडते.

पण ज्याचा सांधा दुखतो ते मूल जमेल तितक्या जोरानं चावेल का? चावणार नाही, चावू शकणार नाही. म्हणजे शंभर टक्क्यांची खूणच खाली येते. फूटपट्टीच आखूड होते. आणि आखूड फूटपट्टीनं मोजलं की साधं शेंगदाणे चावणंसुद्धा भलतंच मोठं दिसायला लागतं: ‘शंभरपैकी साठ’, जे दुसऱ्या एखाद्या मुलात तीस भरलं असतं. कागद पाहणारा म्हणतो, बघा, स्नायू किती ताणलेला आहे. प्रत्यक्षात स्नायू ताणलेला नसतो, फूटपट्टी दुखत असते. म्हणून या मुलांमध्ये विजेच्या जोडीनं चाव्याचा जोरही दाबमापकानं वेगळा मोजायला हवा. स्वीडनमधल्या संशोधकांनी संधिवाताच्या मुलांमध्ये तो मोजला, १९९५ मध्ये छापला, आणि तो निरोगी मुलांपेक्षा कमी निघाला.

या घोळानं कित्येक दशकं शास्त्रज्ञांनाही चकवलं. जुनी समजूत अशी की दुखण्यानं स्नायू आवळतो, आवळल्यानं आणखी दुखतं, दुखल्यानं आणखी आवळतो. हे चक्र इतकं पटण्यासारखं आहे की ते मोजून पाहायचं कुणाला सुचू नये. १९९१ मध्ये मॉन्ट्रियलच्या जेम्स लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेली मोजमापं एकत्र मांडली आणि उलटंच चित्र समोर आलं. दुखऱ्या जबड्याचा मिटवणारा स्नायू जास्त काम करत नाही, कमी करतो. आणि त्याच्या विरुद्धचा, तोंड उघडणारा स्नायू, मिटतानाही थोडा जागा राहतो, ब्रेकवर पाय ठेवल्यागत. पुढे डेन्मार्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या गालात खारट पाण्याचं इंजेक्शन देऊन थोडा वेळ दुखणं उभं केलं गेलं, आणि चावताना त्यांच्या गालातली वीज खरोखर उतरली. खडा लागल्यावर जबडा क्षणभर जे करतो, तेच दुखऱ्या सांध्याचं मूल दिवसभर, प्रत्येक घासाला, थोडं थोडं करत असतं. ते ठरवून करत नाही. त्याला ठाऊकही नसतं. त्याच्या मेंदूच्या देठानं सांध्याला सांभाळून घ्यायचं ठरवलेलं असतं.

अर्थात लुंड यांचं सूत्र सगळ्यांना बसलं नाही. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की प्रत्येक माणूस आपापली तडजोड शोधतो. कुणी भार कानशिलाच्या स्नायूवर टाकतं, कुणी दुसऱ्या बाजूवर, कुणी नुसताच वेग कमी करतं. पोरगी एका बाजूनं चावते ती तिची तडजोड. भाकरी दुधात कुस्करते तीही.

म्हणूनच इएमजीचा कागद दाखवून ‘तुमच्या मुलाला जबड्याचा आजार आहे’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. जबड्याच्या सांध्याच्या आजारांचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१४ मध्ये ठरले, त्यांत इएमजीला निदानाचं स्थान नाही. निदान होतं ते ऐकून, बोटानं चाचपून, तोंड किती मिलिमीटर उघडतं ते पट्टीनं मोजून, आणि संधिवाताची शंका असेल तर एमआरआयनं. इएमजीचा उपयोग नंतरचा. औषधं सुरू झाली, सहा महिने गेले. चाव्याचा जोर वाढला का? डावा-उजवा जुळायला लागले का? आखूड झालेली फूटपट्टी लांब झाली का? मूल ‘बरं आहे’ म्हणतं, पण मुलं डॉक्टरांना खूश करायला तसं म्हणतातच.

रात्रीचीही एक गंमत आहे. पोर झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत झालेत, हे आपल्याकडे ठरलेलंच. बिचाऱ्या जंतांचा यात हात असल्याचा पक्का पुरावा नाही. मॉन्ट्रियलमध्येच जिल्स लाविन्य यांनी झोपलेल्या माणसांचे गाल मोजले, तेव्हा दात न खाणाऱ्या निरोगी प्रौढांपैकीसुद्धा सुमारे ६० टक्के लोकांचे जबड्याचे स्नायू रात्री अधूनमधून, सेकंदाला एकदा अशा चावण्याच्या लयीत जागे होताना दिसले. आणि बहुतेक वेळा आधी मेंदू जरासा चाळवलेला असतो, नाडी जलद झालेली असते, गालात वीज येते ती सगळ्यांत शेवटी. म्हणून रात्रीच्या आलेखात दिसणारी प्रत्येक हालचाल दुखण्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

सकाळची गोष्ट मात्र वेगळी. संधिवातानं धरलेला सांधा झोपून उठल्यावर सगळ्यात जास्त आखडलेला असतो, आणि हालचाल होत गेली की हळूहळू सैल होतो. वेल्ह्याहून किंवा भोरहून पुणं पन्नास-साठ किलोमीटर. वाडीवरून चालत फाट्यावर यायचं, एसटी पकडायची, रुग्णालयात केसपेपर काढायचा, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. पोरीच्या गालावर चकत्या लागेपर्यंत दुपारचे बारा वाजून गेलेले. एव्हाना तिनं न्याहारी केलेली, वाटेत गप्पा मारलेल्या, चिक्की चघळलेली. सांधा मोकळा झालेला. यंत्र नोंदवतं ते तिच्या दिवसातला सगळ्यात बरा तास. आता बिनतारी यंत्रं काडेपेटीच्या आकाराची झाली आहेत, ती घरी नेऊन उठल्याउठल्या नोंद घेता येते. ती हाताशी येईपर्यंत निदान एवढं तरी करावं: आलेखाच्या कागदावर मुलाच्या वयाशेजारी घड्याळातली वेळ लिहावी, आणि आईला विचारावं, पोरगी सकाळी किती वाजता उठली आणि पहिला घास कशाचा खाल्ला.